सासूबाईंचा फोनही तुमच्याच कामात धरा

ताई, सासूबाईंचं अंथरुणावरचं सगळं तुम्ही एकट्या बघताय, म्हणून आधीच सांगते. आपली झोपमोड झालेली असते, तेव्हाच हे ठग बरोबर गाठतात.

नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याचे फोन सुरू होतात. ‘दाखला अपडेट नाही, पेन्शन थांबेल’ म्हणत ओटीपी मागतात, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे फोनात अ‍ॅप बसवणारी फाइल, धाडतात. ती उघडायचीच नाही. ती बसली की फोनवर येणारे मेसेज, ओटीपीसकट, परस्पर तिकडे जातात. सासूबाईंना बँकेत नेणं जमत नसेल तर पोस्टात चौकशी करा. पोस्टमन घरी येऊन बोटाच्या ठशावर जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, करून देतो, थोडं शुल्क पडतं.

पोलिसाच्या वेशातला व्हिडिओ कॉल आला, तर ‘डिजिटल अरेस्ट’ असली अटक कायद्यातच नाही, हे त्यांना आजच सांगून ठेवा. मोठ्या माणसांना मध्येच फोन ठेवणं उद्धटपणाचं वाटतं. ठेवा म्हणावं, खुशाल!

पैसे गेलेच तर रडारड नंतर, आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआत अडवता येते, म्हणून मिनिटं मोलाची. लगेच बँकेलाही कळवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक), ठगाचा नंबर, स्क्रीनशॉट जपा. लाजेने चॅट पुसू नका.

आणि खर्चाची वही ठेवा, महिन्याला नणंदेला दाखवा. पैसे कमी दिसले की पहिला संशय सेवा करणारीवरच येतो.