युरेनियमच्या कारखान्याचा कचरा नदीकाठी असेल तर नदीतले दुर्मिळ मासे कसे वाचवतात? ते किरणोत्सर्गाने मरतात का? जादुगुड्याबद्दल (झारखंडमधली युरेनियमची खाण आणि कारखाना) वाचून प्रश्न पडलाय.

किरणोत्सर्गापेक्षा आधी अमोनिया बघा. हे सांगितलं की बऱ्याच जणांचा हिरमोड होतो, पण मला जी केस नीट माहितीये, म्हणजे अमेरिकेत युटामधलं मोआब, तिथे माशांचा खरा वैरी अमोनियाच निघाला. (मी भूजलाच्या कामातला माणूस, माशांमधला नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.)

अमेरिकेतले आपले लोक लाँग वीकेंडला आर्चेस नॅशनल पार्क बघायला जातात ना, त्या पार्कच्या गेटजवळच हायवेला लागून हा ढीग होता. १९५६ ते १९८४ तिथे युरेनियमची मिल चालली. दगड भरडून, केमिकल मारून युरेनियम काढायचं आणि उरलेला लगदा शेजारी ओतायचा, त्याला टेलिंग्ज म्हणतात. असा १ कोटी ६० लाख टन माल, साधारण १३० एकरांवर, कोलोरॅडो नदीपासून जेमतेम ७५० फुटांवर, आणि खाली अस्तरबिस्तर काही नाही. मिलमध्ये अमोनिया वापरायचे, तो झिरपत झिरपत भूजलात गेला आणि भूजल निघतं नदीत.

आता कोणी म्हणेल एवढी मोठी नदी, वाहून जाईल की सगळं. मधल्या धारेत जातंच. घोळ काठाला आहे. तिथला कोलोरॅडो पाइकमिनो हा मासा पूर्वी ६ फूट आणि ८० पौंडांपर्यंत व्हायचा म्हणतात, हा उन्हाळ्याच्या सुरुवातीला पूर ओसरला की अंडी घालतो, बोटभरही नसलेली पिल्लं प्रवाहाबरोबर खाली वाहत येतात आणि काठच्या उथळ, संथ डबक्यांत थांबतात कारण तिथे पाणी कोमट आणि खायला भरपूर. आणि नेमकं तिथेच खालून अमोनियाचं पाणी वर येतं. त्यात दुपारी ऊन तापलं आणि शेवाळाचं काम जोरात असलं की पाण्याचा पीएच वर चढतो, आणि पीएच एकाने वाढला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणजे सकाळी चालून गेलेलं पाणी दुपारी मारू शकतं. ज्यांच्या घरी फिशटँक आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको, नवीन टँकमधले मासे पटापट मरतात ते बहुतेक वेळा यानेच.

मग केलं काय? कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. ढिगावर जागच्या जागी माती घालून झाकायचा स्वस्त प्लॅन होता, त्यावर बरीच वर्षं भांडण झालं. खाली लास वेगास, लॉस एंजेलिस हेच पाणी पितात म्हणून जोर आला, नुसत्या माशांसाठी कोणी एवढा पैसा काढला असता असं मला तरी वाटत नाही. २००५ ला ठरलं की ढीग उचलून ३० मैलांवर क्रेसेंट जंक्शनला न्यायचा, २००९ पासून झाकणबंद कंटेनर रेल्वेने जायला लागले.

पण ढीग हलवायला दीड-दोन दशकं लागतात, तोपर्यंत पिल्लांनी काय करायचं? तर मला जास्त कौतुक आहे ते या मधल्या कामाचं. नदी आणि ढीग यांच्यामध्ये विहिरी मारून २००३ पासून घाण भूजल उपसायला सुरुवात केली, दुसऱ्या विहिरींतून गोडं पाणी जमिनीत सोडलं म्हणजे घाण नदीकडे सरकायला अडथळा, आणि काठाला पिल्लांना राहण्यासारखं पाणी साचलं की त्यात नदीचं ताजं पाणी सोडून अमोनिया पातळ करायचा. पाइप, पंप आणि दर मोसमात सॅम्पल घेणं, बास. फोटोत छान दिसेल असं काही नाही त्यात.

अर्थात तेवढ्याने मासा वाचला असं नाही. धरणांनी पाणी थंड केलं, बाहेरून आणलेले बास मासे पिल्लं खातात, आणि १९६२ मध्ये तर ग्रीन नदीत सरकारी खात्यांनीच रोटेनोन (मासे मारायचं विष) ओतून हेच देशी मासे मारले होते, का तर ट्राउट सोडायचे होते! त्याच पाइकमिनोचं नाव नंतर १९६७ ला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आलं.

जादुगुड्याला मात्र मोआबचा फॉर्म्युला जसाच्या तसा लावू नका. तिथे सल्फ्युरिक ॲसिडने युरेनियम काढतात, त्यामुळे मी तिथे आधी मँगनीज, सल्फेट आणि रेडियम तपासायला सांगेन, अमोनिया नंतर. आणि सॅम्पल पुलावरून बादली सोडून मधल्या धारेचं घेऊ नका, काठच्या उथळ पाण्यातलं घ्या, उन्हाळ्यात, दुपारी.