घरी केलेला ग्रॅनोला ओव्हनमधून मऊच निघतो, आणखी भाजला की करपतो. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की १८० अंश सेल्सिअसवर वीस मिनिटं भाजूनही ग्रॅनोला (मध-तेलात भाजलेले ओट्स आणि सुकामेवा) मऊ लागला, म्हणून आणखी दहा मिनिटं आत ठेवला आणि मनुकांचा कोळसा झाला. तापमान जास्त होतं, मनुका आधी घातल्या आणि गरम असतानाच खाऊन पाहिला. यातली शेवटची चूक सगळ्यात महागात पडते.

गरम ग्रॅनोला मऊच असतो. मधातली साखर तापलेली असेपर्यंत चिकट, पातळ राहते आणि निवता निवता कडक होत जाते. म्हणजे कुरकुरीतपणा येतो तो ओव्हनच्या बाहेर. आत फक्त दोन कामं व्हायची असतात: ओट्समधलं पाणी उडणं आणि रंग येणं. भाजून झालं की नाही याबद्दल शंका असेल तर ट्रेच्या मधोमधून चमचाभर मिश्रण काढून गार ताटलीत पसरा आणि तीन मिनिटं थांबून मग खा. तेव्हा कुरकुरीत लागलं तर ओव्हन बंद करा, ट्रेमधला बाकीचा माल कितीही मऊ दिसत असला तरी.

एका घाण्याचं माप असं: रोल्ड ओट्स, म्हणजे पोह्यांसारखे चपटे केलेले, ३०० ग्रॅम (२४० मिलीच्या कपाने साधारण ३ कप), जाडसर चिरलेले बदाम-अक्रोड १०० ग्रॅम, सूर्यफूल आणि भोपळ्याच्या बिया मिळून ६० ग्रॅम, दालचिनी पूड १ टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून. ओलं साहित्य म्हणजे वास नसलेलं तेल ६० मिली आणि मध ८० मिली. नंतर घालायला ८० ग्रॅम मनुका किंवा चिरलेले जर्दाळू. मीठ वगळू नका, ते नसेल तर सगळं नुसतं गोड-गोड आणि सपक लागतं.

ओट्स कुठले घेता यावर बरंच काही ठरतं. इन्स्टंट ओट्स बारीक आणि पातळ असतात, ते मध पिऊन पिठूळ होतात आणि लवकर करपतात. स्टील-कट ओट्स, म्हणजे न चपटवता नुसते तुकडे केलेले, एवढ्या वेळात भाजले जात नाहीत, दाताखाली खड्यासारखे येतात. त्यामुळे रोल्डच.

तेल कमी करण्याच्या मी बाजूने नाही. तेलामुळे उष्णता प्रत्येक पाकळीला सारखी लागते आणि ग्रॅनोला खुसखुशीत होतो. तेल काढून टाकलं की तो कडक आणि कोरडा होतो, घशात अडकतो. कमी करायचंच असेल तर ४५ मिलीपर्यंत ठीक. मधाचं उलटं आहे: तो जास्त झाला की ग्रॅनोला दाताला चिकटतो, रंग झपाट्याने चढतो आणि आतून भाजला जाण्याआधीच वरून काळा पडतो.

ओव्हन १५० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवून घ्या, पंख्याचा असेल तर १४०. तेल आणि मध एकत्र किंचित कोमट करा, म्हणजे ते नीट मिसळतात. मग कोरड्या जिनसांवर ओतून हाताने किंवा मोठ्या चमच्याने तळापासून कालवा. एकही ओट पांढरा, कोरडा दिसायला नको. साधारण ३० × ४० सेंटिमीटरच्या ट्रेला बटर पेपर लावून मिश्रण पसरा. थर एक सेंटिमीटरच्या आसपास हवा. ट्रे लहान असेल तर दोन घाणे करा. जाड थरात वाफ कोंडते, वरचं भाजतं आणि खालचं शिजल्यासारखं ओलसर राहतं. बहुतेकांचा ग्रॅनोला बिघडतो तो इथेच.

वीस मिनिटांनी ट्रे बाहेर काढा, कडेचं मिश्रण मध्ये आणि मधलं कडेला करा (कडा नेहमी आधी भाजतात), ट्रे उलट दिशेने आत सरकवा आणि आणखी १० ते १५ मिनिटं ठेवा. ट्रे काळा असेल तर पाच मिनिटं आधीपासूनच लक्ष ठेवा, त्यात खालून लवकर रंग येतो. फिका सोनेरी रंग आणि भाजलेल्या बदामाचा खमंग वास आला की बाहेर. गडद तपकिरी होईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो, कारण तापलेल्या ट्रेवर तो थोडा वेळ भाजतच राहतो.

गठ्ठे हवे असतील तर वीस मिनिटांनी ढवळल्यावर उलथन्याच्या पाठीने मिश्रण घट्ट दाबून बसवा आणि त्यानंतर हात लावू नका. बाहेर काढल्यावरही निदान पाऊण तास ट्रेमध्येच तसंच राहू द्या. अख्खी वडी थंड झाली की मग हव्या त्या आकाराचे तुकडे तोडा. आणखी मोठे गठ्ठे हवेत? एका अंड्याचा पांढरा भाग फेसाळ होईपर्यंत फेटून ओल्या साहित्यात घाला, तो बांधून ठेवतो.

मनुका, जर्दाळू पूर्ण गार झाल्यावरच मिसळा. खोबऱ्याचे काप घालणार असाल तर शेवटच्या आठ-दहा मिनिटांत, ते बदामाच्या कितीतरी आधी लाल होतात.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत आधी कोरडं सगळं मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता, मग तेल-मध घालून सतत हलवत आणखी पाच-सहा मिनिटं, आणि लगेच ताटात पसरा. गठ्ठे फारसे होत नाहीत, चव मात्र चांगली येते. मायक्रोवेव्हच्या साध्या मोडवर करू नका, एका जागी काळं आणि शेजारी कच्चं अशी अवस्था होते.

पूर्ण गार होऊनही मऊ राहिला, तर १४० अंशांवर ८ ते १० मिनिटं पुन्हा भाजून पुन्हा गार करा. मनुका घातल्या असतील तर आधी वेचून काढा. डब्यात ठेवल्यावर सादळला तरी हाच उपाय. करपलेल्याला मात्र उपाय नाही, कडवटपणा सगळ्यात उतरतो.

गार होण्याआधी डब्यात भरू नका, आतल्या वाफेने सादळतो. हवाबंद बरणीत दोन-तीन आठवडे छान राहतो. त्यानंतर आधी अक्रोड खवट होतात, म्हणून बरणी उघडल्यावर पहिल्यांदा त्यांचाच वास घेऊन बघा. घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मधाचा ग्रॅनोला त्याला अजिबात देऊ नका, भाजलेला असला तरी.