साकडे कुणी कुणाला घालायचे?

प्रश्न असा आला आहे : एका उद्योजक संघटनेने राज्याच्या अर्थसंकल्पाआधी औद्योगिक वसाहतीतले रस्ते, कामगारांची घरे आणि बससेवा यांसाठी पैसे मागणारे निवेदन दिले. बातमीचा मथळा होता, 'उद्योजकांचे अर्थमंत्र्यांना साकडे'. हे बरोबर आहे का? शिवाय त्याच बातमीत 'निधी' आणि 'तरतूद' हे शब्द आलटून पालटून आले आहेत, ते चालते का?

पहिल्याचे उत्तर 'नाही' असे आहे. अर्थसंकल्पाचे दिवस आले की हा मथळा ठरल्यासारखा उगवतो. व्यापाऱ्यांचे साकडे, बिल्डरांचे साकडे, वाहतूकदारांचे साकडे. आकडेवारी जोडलेले, मुद्देसूद, सह्याशिक्क्यांचे निवेदन विभागाच्या आवकजावक नोंदवहीत चढते आणि छापून येताना त्याचा नवस होतो. याचा मला मनापासून राग येतो.

मुळात साकडे म्हणजे काय? जुने लेखन 'सांकडें'. तो न उच्चारला जाणारा अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी गेला आणि त्याबरोबर शब्दाचे कूळही नजरेआड झाले. हा शब्द संस्कृत 'संकट'पासून आला. संकट, मग प्राकृतात संकड, मग सांकड. दंताचा दात झाला, पंचाचे पाच झाले, कंटकाचा काटा झाला, तीच ही वाट. आणि घोटकाचा घोडा होताना 'ट'चा जसा 'ड' झाला तसा इथेही. आता खरी गंमत. संस्कृतात 'संकट'चा पहिला अर्थ आपत्ती नाहीच. अर्थ आहे अरुंद, दाटीचे, चिंचोळे. अमरकोशात तो 'संबाध'च्या शेजारी बसला आहे आणि संबाध म्हणजे गर्दीने दाटलेले. पाणिनीने तर 'सम्प्रोदश्च कटच्' (5.2.29) या एकाच सूत्रात संकट, प्रकट, उत्कट आणि विकट ही चारही भावंडे सिद्ध केली आहेत. गुजरातीत आजही बोळाला 'सांकडी शेरी' म्हणतात, हिंदीत अरुंद ते 'सँकरा'. आपत्ती हा अर्थ नंतरचा : वाट अरुंद झाली की माणूस अडकतो, अडकला की संकटात सापडतो.

म्हणजे साकडे हा मुळात रस्त्याचा शब्द आहे! खिंड, चिंचोळी वाट, जिथे गाडी अडते ती जागा. आज आपण जिला 'वाहतूक कोंडी' म्हणतो तिचा हा थेट पूर्वज. रस्ता रुंद करा असे सांगणाऱ्या निवेदनाला 'साकडे' म्हणणारा रुंदीकरणाच्या मागणीला अरुंदपणाचे नाव देतो आहे.

यावर शालेय वाक्प्रचारांच्या याद्या दाखवल्या जातात : 'साकडे घालणे = विनवणी करणे'. या याद्यांनी फार नुकसान केले आहे. 'घालणे' कशात, हे त्यांनी विचारलेच नाही. साकडे घालणे म्हणजे समोरच्याला चिंचोळ्या जागेत उभे करणे, पेचात धरणे. भक्त देवाला साकडे घालतो तेव्हा तो गयावया करत नसतो. आता तू सोडवल्याशिवाय मी उठत नाही, असे बजावत असतो. माझ्या मते या शब्दाचे सख्खे नाते 'धरणे धरणे' याच्याशी आहे. त्यात लीनता कमी आणि अडवणूक जास्त. साकड्याला 'सांकळ'शी, म्हणजे शृंखलेशी, जोडणारेही काही आहेत. त्यांनी ध्वनींकडे पाहिलेले नाही. शृंखलेतला 'ख' मराठीत 'साखळी'त टिकला आहे आणि शेवटी 'ळ' आहे. त्यातून 'साकडे'तला 'क' आणि 'ड' निघत नाहीत. विषय संपला.

बरे, मागणी कोण कुणाकडे करते तेही पाहा. राज्यघटनेच्या 203 व्या अनुच्छेदानुसार खर्चाचे अंदाज 'अनुदानांच्या मागण्या' म्हणून विधानसभेपुढे ठेवले जातात. म्हणजे सभागृहात मागणारे सरकार आणि देणारे लोकप्रतिनिधी. बाहेरचा करदाता तर याचक नाहीच. मुंबई, पुण्यात घर घेणारा मुद्रांक शुल्काबरोबर 1 टक्का मेट्रो अधिभार भरतो. 1975 पासून राज्यात व्यवसाय कर आहे आणि तो रोजगार हमीच्या खर्चासाठी आला. हे पैसे कुठे लागले असे विचारणारे चेंबर, म्हणजे उद्योजक-व्यापाऱ्यांची संघटना, हिशेब मागत असते. मुंबईचे बॉम्बे चेंबर 1836 चे, पुण्याचे मराठा चेंबर 1934 चे. अशा संस्थांचे कामच धोरणावर मत मांडणे हे आहे. त्यासाठी 'निवेदन', 'मागणी', 'आग्रह' हे सरळ शब्द आहेत. मथळ्यात जागा कमी असेल तर 'मागणी' आणि 'साकडे' दोन्ही तीन-तीन अक्षरांचेच आहेत.

(जाता जाता : 'उपकरप्राप्त इमारती' हाही असाच उलटा शब्द. मुंबई शहरातल्या त्या जुन्या इमारतींकडून दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो. त्यांना तो प्राप्त होत नाही. 'उपकरपात्र' म्हणा.)

दुसरा प्रश्न राहिलाच. 'तरतूद' अरबी 'तरद्दुद'वरून आली. मूळ अर्थ येरझारा, घालमेल. फारसीत खटपट, मशागत. मराठीत आधीपासून करून ठेवलेली सोय. अर्थसंकल्पात होते ती तरतूद, म्हणजे कागदावर राखलेली रक्कम. निधी शब्दशः ठेवा, साठा. पण कचेरीच्या भाषेत तो वितरित होतो, खात्यावर येतो आणि त्यातून ठेकेदाराचे बिल निघते. शंभर कोटींची तरतूद झाली आणि वर्षअखेर चाळीसच वितरित झाले, तर 'शंभर कोटींचा निधी मिळाला' ही बातमी खोटी ठरते. म्हणून दोन्ही शब्द आलटून पालटून चालत नाहीत.