छोटे व्हिडिओ बघून मधल्या लेव्हलचं इंग्रजी जमतं का?
हो जमतं, पण नुसतं बघून नाही. मी परभणीचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम, वाचलेलं कळायचं पण बोलायची वेळ आली की तोंडच उघडायचं नाही. मग दोन-तीन मिनिटांचा एकच व्हिडिओ घ्यायचो, भाजी घेणं, दवाखान्यात जाणं असलं रोजचंच काहीतरी, आधी सबटायटल बंद ठेवून ऐकायचं मग इंग्रजी सबटायटल लावायचं (हिंदी लावलं की कान बंद होतात बघा), स्पीड ०.७५ करून एकेक वाक्य थांबवत त्याच चालीत मोठ्यानं म्हणायचं. बीबीसी लर्निंग इंग्लिशचे यूट्यूबवर फुकट आहेत. आणि सुटे शब्द नका लिहू, अख्खं वाक्य लिहा, 'वुई रॅन आऊट ऑफ शुगर' म्हणजे साखर संपली, हे नुसत्या 'रन'वरून कळतच नाही. एकच व्हिडिओ तीन-चार दिवस घासा, लै फरक पडतो.