मोठ्या दुकानात फक्त गुलाबी फायबरग्लास, मग घर उबदार कसं करायचं?

प्रश्न: नमस्कार. आम्ही एडिसन, न्यू जर्सीला राहतो, घर 1966 चं, दोन मजली. वरची मुलीची खोली जानेवारीत गारठलेली असते आणि जुलैत तिथे बसवत नाही. अ‍ॅटिकमधे (छपराखालच्या माळ्यावर) बघितलं तर जॉइस्टच्या, म्हणजे आडव्या लाकडांच्या, मधे साडेतीन इंच जाडीचं जुनं फायबरग्लास (काचेच्या तंतूंचं इन्सुलेशन) आहे, काही ठिकाणी दबलेलं. मोठ्या होम इम्प्रूव्हमेंट स्टोअरमधे गेलो तर एवढ्या अवाढव्य दुकानात गुलाबी फायबरग्लास, थोडे फोम बोर्ड आणि मशीनने उडवायच्या मालाची पोती, बास. मिनरल वूलच्या (दगडाच्या तंतूंचं इन्सुलेशन) चार बॅगा होत्या त्याही चुकीच्या रुंदीच्या. माझा भाऊ जर्मनीत असतो, त्याने लाकडाच्या तंतूंचं इन्सुलेशन घातलंय. इथे असं काहीच का मिळत नाही? आहे तेच घेऊ का थांबू?
– एक वाचक, एडिसन

उत्तर: थांबू नका, तुमच्या अ‍ॅटिकला लागणारा माल त्याच दुकानात आहे, आणि तो म्हणजे ती पोती.

आधी निवड कमी का ते सांगतो. इन्सुलेशन जागा फार खातं आणि त्या मानाने पैसे कमी देतं, त्यामुळे मोठी दुकानं रोज खपणारा मालच ठेवतात, म्हणजे 16 किंवा 24 इंचांवर ठोकलेल्या लाकडांमधे बसणारं फायबरग्लास. इन्सुलेशनचे कॉन्ट्रॅक्टर तिथे सहसा जातच नाहीत, ते सप्लाय यार्डातून उचलतात. तुमच्या भागात इन्सुलेशन, ड्रायवॉल किंवा रूफिंगचे सप्लायर शोधा आणि फोन करून विचारा की घरमालकाला देता का, बरेच जण देतात. मिनरल वूल हव्या त्या रुंदीचं, जाड पॉलिआयसो (कडक फोमचे) बोर्ड, सगळं तिथे असतं. मोठ्या दुकानाच्या साइटवरूनही बऱ्याच गोष्टी मागवता येतात ज्या शेल्फवर कधीच दिसत नाहीत.

पण महागडा माल कुठे लागतो ते बघा. भिंतीत जागा फक्त साडेतीन इंच, तिथे साधं फायबरग्लास R-13 देतं (R म्हणजे उष्णता अडवण्याचा आकडा, जितका मोठा तितकं चांगलं) आणि मिनरल वूल R-15, शिवाय आवाज कमी होतो आणि ते जळत नाही, म्हणून भिंत उघडलीच असेल तर थोडे जास्त पैसे घालायला माझी ना नाही. अ‍ॅटिकमधे उंचीला तोटा नाही, इंचामागे थोडं कमी मिळालं तर दोन इंच जास्त टाका, काम झालं. त्या पोत्यांतलं, जुन्या रद्दी कागदापासून केलेलं सेल्युलोज इंचाला साधारण R-3.5 देतं. तुमच्याकडे तीन-चार इंच आधीचं आहे, अशा अ‍ॅटिकसाठी न्यू जर्सीच्या हवामानात एनर्जी स्टार या सरकारी ऊर्जाबचत कार्यक्रमाची शिफारस वर आणखी R-49 घालण्याची आहे. त्यासाठी वर साधारण 14 इंच सेल्युलोज लागेल, जुनं बरंच दबलं असेल तर अजून एखाद-दोन इंच. आणि तुम्हाला पर्यावरणाचा विचार करायचा असेल तर हा पर्याय लाकडाच्या तंतूंच्या अगदी जवळचा आहे, मनाला लावून घेऊ नका.

पोतं घेताना मागचा तक्ता वाचा. फेडरल ट्रेड कमिशनचा 1979 चा नियम आहे, त्यामुळे कुठल्या R ला 1000 चौरस फुटांना किती पोती आणि किमान किती जाडी हे छापावंच लागतं. सेल्युलोज काही काळाने बसतं म्हणून बसल्यानंतरची जाडी वेगळी दिलेली असते, हिशोब तीच धरून करा. फुंकायचं मशीन दुकानच देतं, ठरावीक पोत्यांच्या वर घेतलीत तर बहुतेक ठिकाणी भाडं लागत नाही. दोन माणसं हवीत, एक खाली पोती फोडायला आणि एक वर नळी धरायला, आणि वरच्याने चांगला मास्क लावायचाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. माल टाकण्याआधी फटी बुजवा! घरातली गरम हवा भिंतींच्या वरच्या टोकातून, वायरी-पाइपांच्या भोकांतून, अ‍ॅटिकच्या झाकणाच्या कडेने वर निघून जाते, आणि फायबरग्लास हवा अडवत नाही. जुनं फायबरग्लास उचलून बघा, खालून काळपट दिसलं तर समजा तिथून हवा वाहतेय, ते म्हणजे धुळीचं फिल्टर झालेलं असतं. फोमचा कॅन आणि कॉक (फटी भरायची पेस्ट) घेऊन एक शनिवार फक्त यालाच द्या. चिमणीच्या आणि फ्ल्यूच्या (हीटरच्या धुराच्या पाइपच्या) भोवती मात्र फोम नाही, तिथे पत्रा आणि आग सोसणारं सीलंट. छतात जुने रिसेस्ड लाइट (छताच्या आत बसवलेले दिवे) असतील आणि त्यांच्यावर आयसी (IC, इन्सुलेशन टेकलं तरी चालतं अशी खूण) लिहिलेलं नसेल तर इन्सुलेशन 3 इंच लांब ठेवा. आणि छताच्या कडेला सॉफिट व्हेंट (हवा आत यायच्या जाळ्या) असतात तिथे बॅफल, म्हणजे हवेची वाट मोकळी ठेवणारी पन्हळ, लावा, नाहीतर माल जाऊन हवेची वाट बंद होईल.

एक धोक्याची गोष्ट. घर 1990 च्या आधीचं आहे, त्यामुळे जुन्या थराखाली राखाडी-तपकिरी चमकदार खड्यांसारखं काही दिसलं तर हात लावू नका. ते व्हर्मिक्युलाइट असतं, आणि मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून आलेल्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस होतं. लगेच खाली या आणि अ‍ॅस्बेस्टॉसची माणसं बोलवा.

पैशांचं म्हणाल तर 30 टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट होतं ते 31 डिसेंबर 2025 ला संपलं. वीज-गॅस कंपनीची सवलत असते, कधी आधी ऑडिट (घराची ऊर्जा-तपासणी) करून घ्यावं लागतं, म्हणून खरेदीआधीच चौकशी करा.

प्रश्न: दुकानात बिनकागदाचं फायबरग्लास संपलं होतं म्हणून कागदवालं आणलं. अ‍ॅटिकमधल्या जुन्या थरावर तसंच अंथरलं तर चालेल?
– एक वाचक, मिशिगन

उत्तर: नाही. तो क्राफ्ट कागद बाष्प अडवायला असतो आणि थंड प्रदेशात तो घराच्या उबदार बाजूला, म्हणजे खाली छताला लागून हवा. दोन थरांच्या मधे आला तर घरातला ओलावा तिथे अडकतो. शिवाय तो पेट घेतो, उघडा ठेवू नका असं त्याच्यावरच छापलेलं असतं. बॅग फोडली नसेल तर परत करा. फोडली असेल तर कागद सोलून काढा, सहज निघतो, आणि जॉइस्टला आडवं अंथरा म्हणजे लाकडंही झाकली जातील.