प्रेमातल्या ‘जेलस’ला मराठीत काय म्हणायचं?

एका वाचकाने विचारलं आहे: ब्रिटिश गायक ॲल्विन स्टारडस्टच्या ‘जेलस माइंड’ या गाण्याच्या नावाचं मराठी ‘मत्सरी मन’ असं करावं का? ते त्यांना खटकतंय, पण का खटकतंय ते सापडत नाही.

मलाही ते खटकतं, आणि कारण सापडण्यासारखं आहे. ‘तो मित्राचा मत्सर करतो’ म्हटलं की मित्राला काहीतरी मिळालंय आणि याला ते मिळालेलं नाही, हे लगेच कळतं. आता मित्राच्या जागी बायको घाला: ‘तो बायकोचा मत्सर करतो.’ बायकोला बढती मिळाली असेल, तिचा पगार याच्यापेक्षा जास्त असेल, असंच आपण समजतो. ती दुसऱ्या कोणाशी हसून बोलली म्हणून याच्या पोटात कालवलं, हा अर्थ त्या वाक्यातून निघतच नाही. मत्सर दुसऱ्याकडे असलेल्या गोष्टीचा असतो. प्रेमातल्या जेलसपणात मात्र आपल्याकडे असलेलं माणूस दुसरा कोणी नेईल ही धास्ती असते, आणि त्यात तिसरा माणूस लागतोच, मग तो खरा असो की मनातला. इंग्रजीत या दोन्ही भावनांना ‘जेलस’ चालतो, म्हणून भाषांतर करताना पाय घसरतो.

गाण्याबद्दल थोडं. ब्रिटनमधल्या ग्लॅम रॉकच्या, म्हणजे झगमगीत थाटाच्या रॉक संगीताच्या, ऐन बहरातलं हे गाणं पीटर शेली यांनी लिहिलं आणि मार्च १९७४ मध्ये एक आठवडा ते ब्रिटिश क्रमवारीत पहिलं होतं. स्टारडस्टचं पहिल्या क्रमांकावर पोचलेलं हे एकमेव गाणं. त्याचं मूळ नाव बर्नार्ड ज्यूरी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो शेन फेंटन या नावाने गात असे. मग काळं चामडं, काळा हातमोजा आणि मोज्यावरून घातलेल्या ठसठशीत अंगठ्या अशा थाटात तो नव्या नावाने परत आला. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की गाण्याच्या नावात ना प्रेयसी आहे ना तो तिसरा. आहे ते फक्त मन.

मग ‘संशयी मन’? अनेकांना हेच सुचेल. पण एल्विस प्रेस्लीचं १९६९ मधलं ‘सस्पिशस माइंड्स’ हे खरं ‘संशयी मन’. संशय हा अंदाज आहे, तो खरा किंवा खोटा ठरू शकतो. जेलसपण ही जळजळ आहे. काहीही संशयास्पद नसतानाही ती होते. शिवाय ‘संशय’ हा शब्द मला या जागी फार टोचतो. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीला मारहाण’ हे शब्द आपण बातम्यांत सतत वाचतो. त्यात भावना नवऱ्याची, पण चर्चेला येतं बायकोचं चारित्र्य. त्याच्या मनात जे पेटलंय त्याला नावच मिळत नाही. बाईच्या अशाच भावनेला मात्र भाषेने कधीचं नाव देऊन ठेवलंय: सवतीमत्सर. संस्कृत साहित्यशास्त्रातही ‘ईर्ष्यामान’ आहे, प्रियकराचा दुसरीकडे ओढा दिसला की येणारा रुसवा, आणि ‘साहित्यदर्पण’कार तो स्त्रियांचा म्हणूनच सांगतो. पुरुषासाठी आपण असा शब्द घडवला नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पण संस्कृत व्याकरणात एक सुंदर दाखला आहे. पाणिनीचा नियम असा, की राग, द्रोह, ईर्ष्या, असूया या अर्थांच्या क्रियापदांबरोबर ज्याच्यावर कोप असेल त्याला चतुर्थी लावायची. पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका, काशिकावृत्ती, विचारते, ‘ज्याच्यावर कोप असेल’ हे कशाला सांगायला हवं? आणि उदाहरण देते: ‘भार्याम् ईर्ष्यति’. हिला दुसऱ्या कोणी पाहू नये, असं त्या नवऱ्याला वाटतं. त्याचा कोप बायकोवर नाही, म्हणून तिथे चतुर्थी नाही, द्वितीया. एका विभक्तीत या भावनेची सगळी रचना मांडली आहे! प्रेमातल्या ‘जेलस’साठी याहून नेमका जुना शब्द मला माहीत नाही.

मग ‘ईर्ष्या’च वापरू या का? इथे अडचण मराठीची. आपण म्हणतो, ‘पोरं ईर्षेने खेळली’, ‘ईर्षेला पेटून अभ्यास केला’. मराठीत ईर्षा चुरशीकडे, जिद्दीकडे झुकली आहे. गंमत म्हणजे इंग्रजी शब्दाचा प्रवास नेमका उलटा. ‘जेलस’ जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मुळाशी ग्रीक ‘झेलॉस’ म्हणजे उत्साह, आवेश. ‘झील’ आणि ‘झेलस’ हे त्याचेच भाऊबंद. तिकडे आवेशाची जळजळ झाली, इकडे जळजळीचा आवेश झाला. आणि मत्सराचं म्हणाल तर ऋग्वेदात ‘मत्सर’ हे सोमाचं विशेषण आहे, मद आणणारा, उल्हसित करणारा! षड्रिपूंत जाऊन बसायला त्याला बरीच वाट चालावी लागली.

बाकीचे शब्द इथे फारसे उपयोगाचे नाहीत. ‘हेवा’ आता बराच सौम्य झालाय, ‘हेवा वाटावा असा संसार’ ही चक्क स्तुती असते. असूया म्हणजे गुणांतही दोष काढणं, अमरकोशाने तसंच सांगितलंय. ‘जळकुकडा’ भावंडांच्या भांडणात शोभतो. ‘पझेसिव्ह’ हल्ली खूप ऐकू येतं, पण त्यात मालकीचा वास आहे, जळण्याची वेदना नाही.

माझं मत असं, की मराठीत ही भावना नामात नाही, क्रियापदात राहते: ‘तिला दुसऱ्याशी बोलताना त्याला बघवत नाही.’ हे ‘बघवत नाही’ अगदी घरातलं आहे. अमरकोश ईर्ष्येला ‘अक्षान्ति’ म्हणतो, म्हणजे सहन न होणं, तेच यात आहे. काशिकेतल्या नवऱ्याचं ‘दुसऱ्या कोणी पाहू नये’ हेही त्याच्या शेजारीच बसतं. लेखात, संवादात, गोष्टीत मी निःशंकपणे हेच वापरेन.

गाण्याच्या नावाला मात्र दोनच शब्द हवेत, तिथे वाक्य चालणार नाही. मी ‘जळतं मन’ असं करेन. ‘कोणावर जळतं?’ असं कोणी विचारलं तर विचारू दे. ‘-वर’ लावला की पुन्हा मत्सर येतो, म्हणून तो मुद्दाम लावायचा नाही.