आधी नकाशा वाच, मग गावकरी पाठव

कॉलेज रोडच्या कॅफेत एज ऑफ एम्पायर्स २ हा कॉम्प्युटरवरचा लढाईचा गेम खेळायला बसलास की आधी नकाशाचं नाव बघ. अरेबिया नावाच्या नकाशात घराजवळच्या सोन्याचे ७ ढीग, प्रत्येकी ८०० सोनं, म्हणजे ५,६००. बाकीच्या लहान खाणी उघड्यावर असतात. पहारा नसेल तर शत्रूचे घोडेस्वार गावकरी, म्हणजे सोनं-लाकूड गोळा करणारे तुझे कामगार, कापतात आणि नेमकं सोनं हवं तेव्हा खाण हातची जाते. म्हणून भिंत बांधताना निदान एक खाण आत घे.

ब्लॅक फॉरेस्टमध्ये लाकूड उदंड, वाटा अरुंद. तोंडं भिंतींनी बुजव. सांघिक डावात सोनं संपायच्या आत व्यापारगाड्या सुरू कर. मित्राचा बाजार जितका लांब, तितकी कमाई जास्त.

आयलंड्सवर १५० लाकडाची गोदी लवकर बांध. मासेमारी नावेला ७५ लाकूड पडतं.